अंगापेक्षा चाकं मोठी

मी एक लाल रंगाची, दोनच माणसांची विलायती मोटार बोलतेय. अंधेरीत माझ्याबद्दल बऱ्याच वावड्या उठल्या आहेत, म्हणून खरं काय घडलं ते सांगते. त्यात कुणाचं नाक कापलं गेलं, तर त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म इंग्लंडातला. तिथल्या कारागिरांनी मला बेतानं घडवलं. अंग लहान, इंजिन लहान, म्हणून चाकंही अरुंद. बोटीनं मुंबईला आले आणि पार्ल्याच्या एका डॉक्टरांकडे वीस वर्षं राहिले. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. कंटाळवाणं होतं, खोटं कशाला बोलू! डॉक्टर वारले आणि चौऱ्याऐंशी साली जयवंतनं मला विकत घेतलं.

जयवंतचं अंधेरीत व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं देण्याचं दुकान. बाप गिरणीत राबला, पोरानं स्वतःचं दुकान थाटलं, यात कौतुक करण्यासारखं होतंच. पण त्याला कौतुक कधी पुरायचं नाही. पांढरे बूट, काळा चष्मा, आणि तो चष्मा दुकानात बसूनही डोळ्यांवर! पहिला महिनाभर त्यानं मला चालवलं कमी. मला टेकून उभा राहिला जास्त.

पुढे त्याचा मेव्हणा शारजाहून आला. लोक तिकडून टेपरेकॉर्डर आणतात, अत्तर आणतात. यानं चार चाकं आणली! चकचकीत, भलतीच रुंद. माझ्या अंगाला ती म्हणजे तान्ह्या पोराला हवालदाराचे बूट.

जयवंत ती घेऊन आंबोलीला सीतारामच्या गॅरेजात आला. सीताराम देवगडकडचा, कमी बोलणारा. डॉक्टरांच्या वेळेपासून माझी दुखणी तोच काढायचा. त्यानं एक चाक उचललं, माझ्याशी लावून पाहिलं आणि खाली ठेवलं.

“जयवंता, ही बसायची नाहीत रे. अर्धं चाक बाहेर येतंय. सगळा भार बेअरिंगवर पडणार. वळताना टायर मडगार्डला घासेल ते वेगळंच.”

“बाहेर यायलाच पाहिजे ना! तीच तर स्टाइल आहे, यार.”

“तुटेल.”

जयवंतनं चष्मा कपाळावर चढवला. “सरळ सांग ना, जमत नाही म्हणून. तुझी अक्कल फियाटपुरतीच. सांताक्रूझला एक जण आहे, तो झकास बसवून देईल.”

गॅरेजात चार गिऱ्हाईकं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. सीतारामनं माझ्या बॉनेटवरचा हात काढून ते चाक पुन्हा उचललं. आणि इथे या शहाण्या माणसानं माती खाल्ली.

“ठेव गाडी,” तो म्हणाला. “संध्याकाळी ये.”

त्यानं चाकांमागे घालायला लेथवरून जाड चकत्या करून आणल्या, लांब बोल्ट घातले, मडगार्डच्या कडा हातोड्यानं ठोकून वर वळवल्या. ठोकता ठोकता स्वतःशीच पुटपुटत होता, “चुकतंय, चुकतंय.” अरे, चुकतंय तर थांब ना! पण जयवंतचा शब्द त्याला लागला होता.

संध्याकाळी समोरच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःला पाहिलं. चारी पाय फाकून बसलेली बेडकी! जयवंतचे दोस्त भोवती जमले आणि म्हणाले, “झकास!”

दोन महिन्यांत माझी वाट लागली. प्रत्येक वळणाला टायर घासायचा. पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं आवाज यायला लागला. जयवंतनं यावर उपाय काय केला? टेपचा आवाज वाढवला! शेवटी टेपनंही तो आवाज दबेना, तेव्हा एका रविवारी सीतारामला शेजारी बसवून तो मला वर्सोव्याकडे घेऊन निघाला.

सीतारामनं डोकं बाहेर काढून कान दिला. त्याचा चेहरा उतरला.

“थांबव.”

“पुढे थांबतो. इथे सगळे बघतायत.”

“जयवंता, थांबव म्हणतो ना!”

सगळे बघतायत म्हणून जयवंतनं उलट वेग वाढवला. वळणावर माझं डावं चाक निखळलं आणि एकटंच उधळलं. रस्त्याच्या कडेला पार्वती कोळीण पाटी मांडून बसली होती. चाक थेट तिच्या पायावर आदळलं.

जयवंत उतरला तो आधी माझं मडगार्ड पाहायला! सीताराम मात्र तिच्याकडे धावला आणि हात जोडून काहीबाही बोलायला लागला.

“आदी मना उचल, मंग काय ता बोल!” पार्वती ओरडली.

त्यानं तिला रिक्षात घातलं. तेवढ्यात हवालदार आला. जयवंतनं सीतारामचा दंड धरला. “खड्डा होता म्हण. दोघंही सुटू.”

सीतारामनं हात सोडवून घेतला. “खड्डा नव्हता, साहेब. ही चाकं मी बसवली. बसवताना मला माहीत होतं.”

दोघांनाही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. सीतारामची निम्मी गिऱ्हाईकं तुटली. जयवंतनं ती चाकं घाटकोपरच्या एका हौशी माणसाला विकली. त्याच्या गाडीची मला कीव येते. मला मात्र ‘अपशकुनी’ ठरवलं आणि कागदपत्रांसकट सीतारामच्या गळ्यात मारलं. अपशकुनी मी म्हणे!

सीतारामनं मडगार्ड सरळ केलं, नवी बेअरिंगं घातली, तेव्हा काढून माळ्यावर ठेवलेली माझी जुनी चाकं बसवली. पार्वतीचा पाय जुळला, पण वाकडा. डोक्यावर पाटी घेऊन बंदरावरून बाजार गाठणं आता तिला जमेना. एका सकाळी सीताराम मला घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तिनं त्याला शिव्या घालून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं पाटी उचलून माझ्या सीटमागे ठेवली आणि आत बसली.

दोन पावसाळे झाले, रोज सकाळी मी मासळी वाहतेय. सिग्नलला लोक नाक दाबतात. परवा जयवंत दुकानाच्या दारातून हसला. हसू दे! त्याच्या हसण्यानं माझं एक चाकही अडत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्या अंगावर काही चढवण्याआधी मेकॅनिकला विचारा. तो नाही म्हणाला, तर चारचौघांत त्याला डिवचू नका. आणि मेकॅनिकांनो, कुणी डिवचलं तरी नाहीच म्हणा.

येते मी. आमच्या बाई आत बसल्यात आणि सीताराम अजून काच पुसतोय.

“चल रं, काय बगतस? बरफ वितललं सगलं!”