अकरा ठिकाणचा बॅकअप

माझा दादा अत्यंत सावध माणूस आहे. तो व्हिडिओ एडिटिंग करतो आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह करतो. जेवताना मध्येच उठून सेव्ह करतो. कॉम्प्युटर बंद असेल तर आधी चालू करतो, मग सेव्ह करतो.

लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत आमचा स्टुडिओ आहे. शूटिंग मी करते, एडिटिंग दादा करतो आणि दोघांचं कौतुक वहिनी करते, कारण दुसरं कुणी करत नाही. वहिनीच्या बाबांचं रंगांचं दुकान आहे. दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी आम्हाला बारा मिनिटांची फिल्म करायला सांगितली होती आणि सोबत अट घातली होती. "जावईबापू, फिल्म नीट झाली तर पुन्हा तुमच्या धंद्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. बिघडली तर एक तारखेपासून दुकानात काउंटरवर उभं राहायचं."

बुधवारी दुपारी चारला ते बघायला येणार होते. तीनला दादाने प्रोजेक्ट उघडला आणि सगळा पडदा लालभडक झाला. मधोमध सात भाषांत एकच निरोप होता, चित्र सापडत नाही.

"घाबरू नकोस," दादा मला म्हणाला. घाबरला तो होता. "बॅकअप आहे."

पेनड्राइव्हवरचा उघडला. लाल. मेलवरचा उघडला. लाल. वहिनीच्या मोबाइलमधला, लाल. बॅकअप एकूण अकरा ठिकाणी होता. त्यातला एक बँकेच्या लॉकरमध्ये होता, तो आणायला वेळ नव्हता, पण तोही लालच असणार यावर आमचं एकमत झालं.

"दादा, शूटिंगची डिस्क कुठाय?"

"ही काय."

"रिकामी आहे ही."

"सकाळीच फॉरमॅट केली. बाराव्या बॅकअपला जागा नको का?"

"अरे, त्यात शूटिंग होतं."

"ते प्रोजेक्टमध्ये आहेच की. मी स्वतः आत घेतलंय."

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्रं नसतात. कुठला तुकडा कुठून उचलायचा आणि कुठे जोडायचा, एवढीच यादी असते. म्हणजे दादाने किराणाच्या यादीच्या अकरा झेरॉक्स काढल्या, एक लॉकरमध्ये ठेवली आणि किराणा फेकून दिला.

"एवढुशी फाइल बघून तुला शंका नाही आली?"

"मला वाटलं, सगळं आत चांगलं दाबून बसलंय."

कॅमेऱ्याची कार्डं मी पुढच्या कामासाठी पुसली होती, त्यामुळे मला फार बोलायला तोंड नव्हतं. गेलेला डेटा परत आणून देणाऱ्याला फोन लावला. त्याने विचारलं, "वरवरचं फॉरमॅट की पूर्ण?"

"पूर्ण," दादा म्हणाला. "मी काम अर्धवट सोडत नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला.

वाचला होता तो फक्त निवेदकाचा आवाज, कारण तो थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला होता. चारच्या ठोक्याला दादाचे सासरे आले, पाणी प्यायले आणि पडद्यासमोर बसले. दादाने डोळे मिटून फिल्म सुरू केली.

"हे आमचे संस्थापक," निवेदक म्हणाला. पडदा लाल. "हे आमचं प्रशस्त गोदाम." लाल. "आणि हे आमचे समाधानी ग्राहक." लाल.

सासऱ्यांनी चष्मा पुसून परत लावला. "जावईबापू, मी कुठाय यात?"

"तुम्ही सगळीकडे आहात, बाबा." दादाला घाम फुटला होता, पण जीभ सुटली होती. "तुमचा चेहरा दाखवला असता तर लोक चेहरा बघत बसले असते. दुकान कशाचं? रंगाचं. मग माणसाने रंगच बघायला हवा."

"एकच?"

"पंचवीस वर्षांची निष्ठा आहे, बाबा. ती काय दर मिनिटाला बदलायची?"

"आणि हे सात भाषांत काय लिहिलंय?"

"आपण जगभर पोचलोय."

"आपलं एकच दुकान आहे."

"म्हणून तर लिहावं लागलं."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

बारा मिनिटं संपली. सासरे म्हणाले, "परत लावा." दुसऱ्या वेळी त्यांची मान डोलू लागली. गोदामाच्या वेळी ते थोडे पुढे झुकले. "हा लाल जरा खोल वाटतो."

"गोदामच खोल आहे, बाबा."

शेवटी ते उठले. "फिल्म उत्तम झालीय," म्हणाले. वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. "तर जावईबापू, एक तारखेपासून दुकानात या."

"पण बाबा, बिघडली तर यायचं ठरलं होतं."

"ठरलं तेव्हा मला काय माहीत होतं? गिऱ्हाइकाला एक शेड पटवायची तर मला डबा उघडावा लागतो, भिंतीवर ब्रश फिरवावा लागतो. तुम्ही मला नुसतं बसवून बारा मिनिटं लाल विकलात. दोनदा. असा माणूस मी लॉन्ड्रीवर कुजवू?"

दादाचा चेहरा पडला. तो माझ्या कानात कुजबुजला, "खरं काय ते सांगून टाक बाई." बिघडलेल्या फिल्मबद्दल चिडून तरी ते आपला नाद सोडतील, असा त्याचा हिशेब असावा.

मी सांगितलं. शूटिंग पुसलं गेलं, हा लाल रंग म्हणजे नुसती चूक, आत काहीही नाही.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माल नव्हताच?"

"नव्हता."

त्यांनी दादाकडे वळून पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

"मग एक तारखेपर्यंत कशाला थांबता," ते म्हणाले. "उद्याच या."