गुरुवारच्या चारशे सायकली

जून महिन्यातील चार गुरुवारी, दुपारी दोन ते पाच या वेळात, माझ्यावरून अनुक्रमे ३९८, ४०४, ३८७ आणि ४११ सायकली गेल्या. त्या चारही दुपारी माझ्या शेजारी सहा माणसे हजर होती. त्यांनी चार दुपारी मिळून सात सायकली पाहिल्या.

मित्रांनो, मी एक जुना मोजणी खांब आहे. कोंब्रेल गावाबाहेर, रेल्वेच्या जुन्या फाटकघराजवळ, लिंडनच्या झाडाखाली मी उभा असतो. वर दिसतो तो लाकडी खांब आणि त्यातील डबी. माझा जीव मात्र खडीखाली बोटभर खोलीवर पुरलेल्या तांब्याच्या तारांच्या दोन वेटोळ्यांत आहे. धातूची वस्तू वरून गेली की तारांतील प्रवाह किंचित बदलतो. पहिले वेटोळे आधी जागे झाले तर सायकल पूर्वेकडे गेली. दुसरे आधी जागे झाले तर पश्चिमेकडे. मला डोळे नाहीत. ऐकू येते, परंतु ऐकलेले नोंदवण्याची सोय माझ्यात नाही.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका लहान कारखान्यात झाला. ज्या बाईने माझ्या तारा गुंडाळल्या, तिने एक जुनी सायकल माझ्यावरून शंभर वेळा ढकलत नेली आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हटले, “सायकल.” तेव्हापासून माझ्याकडे तो एकच शब्द आहे.

अकरा वर्षांपूर्वी मला येथे पुरण्यात आले. रूळ उखडून झाले होते, त्यांच्या जागी बारीक खडी दाबून बसवली होती, आणि चौतीस किलोमीटर लांबीच्या त्या वाटेवर मोटारी येऊ नयेत म्हणून प्रत्येक तोंडाशी लाकडी आडवे दांडे लावले होते. लोक तिला हिरवी वाट म्हणू लागले. पहिली वर्षे सुखाची होती. पावाची पिशवी हँडलला अडकवून जाणारे पोस्टमास्तर, मागे मुलांची गाडी जोडून आलेली परदेशी कुटुंबे, रविवारी चीज आणि सॉसेज घेऊन निघालेली जोडपी, या सर्वांची मी नोंद केली; कोण काय घेऊन चालले आहे ते त्यांच्या गप्पांवरून कळे. बाबागाडीलाही मी सायकलच म्हटले. तिसऱ्या वर्षी जिल्हा परिषदेच्या पत्रिकेत माझा आकडा छापून आला. त्यानंतर माझ्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. डबीच्या झाकणाला तडा गेला, आत मुंग्यांनी घर केले, आणि आकड्यांसोबत परिषदेकडे जाणारा, बॅटरी संपत आल्याचा माझा इशारा दोन हिवाळे कोणी वाचला नाही. तरीही मी मोजत राहिलो. दिवसाला अठरा, एकवीस, पावसात चार.

मग हे गुरुवार सुरू झाले.

त्या सहा जणांपैकी दोघांची नावे मला चांगली ठाऊक आहेत, कारण ती सारखी घेतली जात. ओदील मार्शादिए फाटकघरात एकटी राहत असे. तिचे वय एक्क्याऐंशी. एव्हारिस्त ब्रुगेर हा निवृत्त पाथरवट. त्याचे दोन्ही गुडघे निकामी होते आणि तो त्यांच्याविषयी शेजाऱ्यांबद्दल बोलावे तसा बोलत असे. ही मंडळी डुकरे पाळत असावीत असा माझा समज झाला होता. त्यांच्या बोलण्यात सतत डुकराचे एक पिल्लू असे. पिल्लू लांब गेले, पिल्लाला धक्का लावू नकोस, पिल्लाच्या कोण जवळ आहे ते मोजून बघ. मात्र त्या पिल्लाचे ओरडणे मी एकदाही ऐकले नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

इतरही गोष्टी जुळत नव्हत्या. या सायकली गटाने येत. कधी नऊ, कधी अकरा, परंतु बाराच्या वर कधीच नाही. एक गट पूर्वेकडे गेला की दोन मिनिटे शांतता, मग तेवढाच गट पश्चिमेकडे. सायकलस्वार घंटा वाजवतो ती पुढच्याला ओलांडण्यापूर्वी. हे स्वार माझ्यावरून पुढे गेल्यावर ‘टण्’ असा एकच आवाज करत, आणि त्यावर कोणीतरी शिवी देत असे किंवा टाळ्या वाजवत असे. शिवाय प्रत्येक गटानंतर माझ्या तारांवर एक विलक्षण ओढ येई. तिला माझ्याकडे नाव नव्हते, म्हणून मी तिची नोंद ‘बिघाड’ अशी केली. आपण म्हातारे झालो आणि आपले डोके फिरले, असे मला त्या उन्हाळ्यात अनेकदा वाटले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या अंगावर एक सूचना ठोकण्यात आली. ओदीलने ती सर्वांना वाचून दाखवली. ज्या भागात सलग चार आठवडे एखाद्या दिवसाची संख्या साडेतीनशेच्या वर जाते, तेथे परिषद खडी काढून डांबर घालणार होती. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी काम सुरू.

“साडेतीनशे?” एव्हारिस्त म्हणाला. “अख्ख्या कोंब्रेलमध्ये साडेतीनशे जीव नाहीत. कोंबड्या धरूनसुद्धा.”

त्याच वर्षी मे महिन्यात गावच्या चौकात गाड्या लावण्यासाठी डांबर घातले होते, तेव्हा ही मंडळी तेथून उठून येथे आली होती. डांबरावर काही थांबत नाही, सगळे घरंगळत नदीपर्यंत जाते, असे त्यांचे म्हणणे होते. सायकली नदीपर्यंत का जातील, हे मला उमगले नाही. शेवटी ओदील बोलली.

“चौक गेला तेव्हा मी गप्प बसले. पण आठवड्यातून एकदा कोणीतरी माझं नाव मोठ्यांदा घेतं, ते इथे. एरवी ते फक्त औषधाच्या डबीवर असतं.”

मग त्यांनी ठरवले की ही खडी लोकांच्या वापरात आहे, हे परिषदेला दिसले पाहिजे. गुरुवारऐवजी रोज यायचे. पावसातही. दुपारी बारा ते दोन तेवढे सोडून, कारण ती जेवणाची वेळ आणि त्या वेळी या देशात क्रांतीसुद्धा थांबते, असे एव्हारिस्तचे मत होते.

त्या दिवसापासून माझ्यावरून रोज चारशे सायकली जाऊ लागल्या.

ऑगस्टच्या मध्याला परिषदेची तंत्रज्ञ सोलेन कादियू माझे आकडे पडताळायला आली. परिषदेची गाडी लाकडी दांड्याशी थांबली की या मंडळींचे नेहमी एकच चाले: कोणीतरी कुजबुजे, “परिषद आली,” टोपलीत काहीतरी खणखणे, आणि सगळे बाकावर गप्प बसत. मला ती सभ्यता वाटत असे. वाटेच्या तोंडाशी ‘खेळण्यास मनाई’ अशी पाटी आहे, हे मला नंतर कळले.

सोलेनने माझे झाकण उघडले, मुंग्या झटकल्या, मांडीवर संगणक घेऊन तो मला जोडला. मग आपली सायकल माझ्यावरून दहा वेळा नेली. मी दहा मोजल्या. बिघाडाच्या नोंदी पाहून ती काहीतरी पुटपुटली, तिने तारा तपासल्या, पुन्हा दहा वेळा गेली. पुन्हा दहा.

“यंत्र नीट आहे,” ती बाकाकडे वळून म्हणाली. “म्हणजे आकडे नीट आहेत. मला सही करावी लागेल.”

“आम्ही रोज इथे असतो, पोरी,” ओदील म्हणाली. “दिवसाला वीस जातात. फार तर पंचवीस.”

“मादाम, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण समिती तुमच्या डोळ्यांवर ठराव करत नाही.”

बाक करकरला. ओदील उठली होती. टोपलीत पुन्हा तो खणखणाट झाला.

“अगं, परिषद समोर बसलीये,” एव्हारिस्त दबक्या आवाजात म्हणाला.

“बसू दे. तीन आठवडे उरलेत. ते काय मी बाकावर बसून घालवू? काय दंड करायचा तो करा.”

खडीवर जड काहीतरी टेकले, सरपटत आले, आणि माझी दोन्ही वेटोळी एकामागून एक जागी झाली. मी माझा शब्द उच्चारला.

“मादाम,” सोलेनचा आवाज बदलला होता. “आत्ता एक सायकल पूर्वेकडे गेली.”

“कुठली?”

“तेच तुम्हाला विचारतेय. काय केलंत तुम्ही?”

“पिल्लाजवळ गेले. वीतभर राहिलं.”

“पुन्हा करा.”

ओदीलने पुन्हा केले. मी पुन्हा नोंदवले. मग इतर पाचही जणांना उठवण्यात आले. प्रत्येकाने दोनदा टाकले. दोन माझ्यावरून उंच उडून गेले, ते मला जाणवले नाहीत; आठ सरपटत आले, आणि पडद्यावर बरोबर दहा सायकली दिसल्या, ओदीलच्या दोन धरून. त्यानंतर एव्हारिस्त लंगडत पुढे आला, आणि माझ्या तारांवर ती जुनी ओढ आली.

“बिघाड,” सोलेनने वाचले. “हातात काय आहे तुमच्या?”

“लोहचुंबक. दोरीला बांधलेला. वाकता येत नाही ना, म्हणून त्याने उचलतो.”

मग तिने विचारले की गेला महिनाभर ते किती वेळा खेळले. रोज, ओदील म्हणाली. खडी वाचावी म्हणून. सोलेनने तिला हळूच समजावले की खडी वाचवण्यासाठी ते जितके खेळले, तितके डांबर त्यांनीच जवळ ओढले होते.

“म्हणजे त्या चारशे सायकली आम्ही?” ओदील म्हणाली.

“आणि मी सगळ्यांना सांगत फिरतोय की माझे गुडघे कामातून गेले,” एव्हारिस्त म्हणाला.

सोलेनने सहीचा कागद परत पिशवीत ठेवला. खेळ झाडापलीकडे तीस पावलांवर न्यावा, एवढेच तिने सांगितले. पाटीविषयी विचारल्यावर ती म्हणाली की तिला मोजणीसाठी पाठवले आहे, पाट्या वाचण्यासाठी नाही.

सप्टेंबरचा पहिला सोमवार आला आणि गेला. त्या दिवशी माझ्यावरून एकोणीस सायकली गेल्या. खडी जागेवर आहे. झाडापलीकडून अजून ‘टण्’ ऐकू येते आणि त्यापाठोपाठ ओदीलचे नाव, बहुधा तक्रारीच्या सुरात.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची निगा राखा. वर्षातून एकदा झाकण उघडा, मुंग्या काढा, बॅटरी बदला. आणि आम्ही दिलेला आकडा तुमच्या हाती आला, तर त्यावर सही करण्यापूर्वी एक दुपार आमच्याजवळ येऊन बसा. आम्हाला काय जाणवते आणि आम्ही त्याला काय म्हणतो, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. हे आमचे आम्हाला कळत नाही.

सोलेनच्या अहवालात कारण पुढीलप्रमाणे दिले आहे. नोंदवलेल्या वस्तू सायकली नव्हत्या. ते खेळात खडीवर टाकायचे, प्रत्येकी सुमारे सातशे ग्रॅम वजनाचे पोकळ पोलादी गोळे होते. खेळाडू सहा, प्रत्येकी गोळे दोन, म्हणून एका डावात जास्तीत जास्त बारा. डाव जेथे संपतो तेथूनच पुढचा उलट दिशेने सुरू होतो, म्हणून दोन्ही दिशांचे आकडे सारखे. ‘टण्’ हा आवाज गोळ्यावर गोळा आदळल्याचा; ‘बिघाड’ लोहचुंबकाचा. ज्या लहान गोळीच्या जवळात जवळ जायचे असते, तिला येथील लोक डुकराचे पिल्लू म्हणतात. ती लाकडाची असते, म्हणून ती मला कधीच जाणवली नाही.