वेळ मिळेल तसा

सकाळचे नऊ वाजले की त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाची शाळा होत असे. मुले तीन: थोरली पंधराची, मधला दहाचा, धाकटी सहाची. शाळेत नुसती घोकंपट्टी चालते म्हणून आईने दोन वर्षांपूर्वी मोठ्या दोघांना काढून घरी बसवले होते, आणि धाकटीला तर शाळेत घातलेच नव्हते. तिने स्वतः अकरा वर्षे शाळेत शिकवले होते, त्यामुळे कुणाला नावे ठेवायची सोय नव्हती. भिंतीवरचे तिने आखलेले वेळापत्रक इतके नेटके होते की शेजारणी येऊन वहीत उतरवून नेत.

नेटकेपणाला माणूस फसतो. धाकटीच्या रकान्यात अक्षरे, अंक, गोष्ट, खेळ होते. मधल्याच्या रकान्यात गणित, विज्ञान, वाचन. थोरलीच्या रकान्यात होते: नऊ ते दहा धाकटीची अक्षरे, दहा ते अकरा मधल्याचे गणित, मग स्वयंपाकाला हातभार, दुपारी धाकटीला झोपवणे, तीन ते चार वह्या तपासणे. अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते: स्वतःचा अभ्यास, वेळ मिळेल तसा.

तो वेळ कधी मिळाला नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. पण कुणाला त्याचे काही वाटत नव्हते. वडिलांचे खाली चष्म्याचे दुकान होते. आमच्या घरात शिकवणाऱ्या एक सोडून दोन बाई आहेत, असे ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. आत्या आली की म्हणे, थोरली लेक म्हणजे घरातली दुसरी आई. आणि आई म्हणे, दुसऱ्याला शिकवले की आपली उजळणी आपोआप होते. हे वाक्य ऐकायला इतके शहाणे आहे की त्यातला मतलब चटकन दिसत नाही. पाचवीचा भागाकार शिकवणाऱ्या मुलीची उजळणी पाचवीच्या भागाकाराचीच होते. थोरलीला हे कळत होते. दोनदा तिने आईला सांगितलेही. दोन्ही वेळा आई म्हणाली, बसू गं आपण, आणि बसायच्या वेळी नेमकी धाकटीला भूक लागली.

थोरलीला परिचारिका व्हायचे होते. त्यासाठी दहावीची परीक्षा यंदा बाहेरून द्यायची होती. अर्ज घेण्याआधी केंद्रावरच्या बाई गणिताची एक सराव परीक्षा घेत. मायलेकी गेल्या. पेपर तीन तासांचा, आणि थोरली तासाभरात बाहेर आली.

बाईंनी उत्तरपत्रिका आईपुढे ठेवली. पहिले उदाहरण सोडवलेले होते, एकेक पायरी टपोऱ्या अक्षरांत, दहा वर्षांच्या पोराला समजेल अशी. पुढची पाने कोरी होती.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या, "पण सातवीच्या पुढचं हिला कुणी शिकवलेलंच नाही. यंदा अर्ज नाही घेता येणार."

अकरा वर्षे दुसऱ्यांची मुले शिकवलेल्या बाईला हे ऐकावे लागले. ऐकावे लागले ते बरेच झाले.

घरी वडील म्हणाले, पुढच्या वर्षी देईल, कुठे आभाळ कोसळले? आत्या म्हणाली, पोरीला घर सांभाळता येते ना, मग झाले तर. कुणी थोरलीवर रागावले नाही. रागावण्याइतकेही महत्त्व त्या परीक्षेला कुणी दिले नव्हते, आणि हेच तिला सर्वांत जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती स्वतःचे पुस्तक घेऊन टेबलाच्या टोकाला बसली. धाकटीने वही पुढे केली, तिने ती हळूच परत सरकवली.

"आजपासून मी शिकवणार नाही."

मग यांना कोण बघणार, असे आईने विचारले.

"आई, तुझ्या वर्गातली एखादी मुलगी भावंडांसाठी घरी राहिली, की तू तिच्या घरी जायचीस. तिच्या आईशी भांडायचीस. मी तुझं बोट धरून यायचे, मला आठवतंय." थोरलीने पुस्तक उघडले. "माझ्यासाठी कुणी आलं नाही गं."

 आईला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटून थांबली नाही ही तिची खरी थोरवी. ती जिना उतरून दुकानात गेली आणि नवऱ्याला म्हणाली की दहा ते अकरा मधल्याचे गणित तुम्ही घ्यायचे. त्यांनी बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे बोट दाखवले.

"गिऱ्हाईक तासभर थांबेल," ती म्हणाली. "पोरगी दोन वर्षं थांबलीय."

दहाला वडील कुरकुरत का होईना, वर आले आणि मधल्याची वही घेऊन बसले. आई आठवीचे पुस्तक उघडून थोरलीशेजारी बसली. पंधराव्या वर्षी आठवीचे पुस्तक. गेलेली वर्षे कुणाच्या पश्चात्तापाने परत येत नाहीत.

तेवढ्यात आतल्या खोलीत धाकटी धपकन पडली आणि रडू लागली. थोरली सवयीने उठली. वडिलांनी तिच्याकडे पाहिले, मधल्यानेही पाहिले, आणि खरे सांगायचे तर आईनेही पाहिले.

"तू बस," मग आई म्हणाली. आणि मधल्याकडे वळून, "तू जा रे, बघ तिला."

"मी?" त्याने विचारले. हे काम आपलेही असू शकते असे त्याला दहा वर्षांत कुणी सांगितलेच नव्हते.

तो गेला. आतले रडणे हळूहळू थांबले. थोरली मात्र कितीतरी वेळ उभीच होती.