फाटकाबाहेरचे दोन टोले

माझा नवरा एनोक पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो आणि मी त्याच पलटणीचे कपडे धुते. त्यामुळे पेल दांपत्याकडे दिवसभर आदळआपटच चालते, असं हॅल्स्बीची अख्खी बराक म्हणते. म्हणू देत मेले.

कॉर्पोरल सायलस थ्वेट तापाने गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको लेटिस माझ्याकडे आली. आठवा महिना लागलेला, डोळे कोरडे ठक्क. म्हणाली, "डॉर्कसताई, उद्या दफनभूमीतून परतताना ती धून नको."

आमच्यात रीत आहे. मयताला नेताना ढोलावर काळं कापड आणि संथ चाल. माती देऊन फाटकाबाहेर पडलं की कापड काढायचं आणि पलटणीची धून वाजवत ताठ मानेने बराकीत यायचं. गेला तो गेला, उरलेल्यांना सकाळची कवायत काही सुटत नाही. आणि आमची धून म्हणजे मुळात लग्नातलं नाचाचं गाणं. सांगतात, स्पेनच्या लढाईत पलटण पळत सुटली होती. नुकतंच लग्न झालेल्या एका बासरीवाल्याला भीतीपोटी दुसरं काही आठवेना, म्हणून त्याने आपल्या लग्नातलंच गाणं वाजवलं. पळणारे थबकले, वळले आणि लढले. खरंखोटं देव जाणे. शिपायांच्या गोष्टी बिअरबरोबर फुगतात.

"माझ्या लग्नातही हेच वाजलं होतं गं," लेटिस म्हणाली. "त्याला पुरून येताना ते कानावर पडलं तर मी तिथेच कोसळेन." मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "आणि ताई, बाळ हलत नाहीये. तो गेल्यापासून. सुईणीने कान लावला आणि काही न बोलता शाल पांघरून निघून गेली."

"थकलं असेल गं, आईसारखंच," असं काहीतरी मी बरळले.

मी बँडमास्तरला जाऊन विनवलं; तो कुरकुरला, पण कबूल झाला. घरी येऊन मी एनोकला बजावलं, "ऐकलंत का? उद्या येताना ढोल मुका."

"अगं हो! बहिरा नाहीये मी."

"जन्मभर कानाशी ढोल बडवलात, अर्धे बहिरेच आहात."

दुसऱ्या दिवशी माती झाली. बंदुकांच्या फैरी झडल्या, झाडांवरचे कावळे उडाले. लेटिसचे दोन्ही हात पोटावर होते. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नाही. मला तिच्याकडे बघवेना.

आम्ही फाटक ओलांडलं आणि एनोकचा हात वर गेला. जन्माची सवय, दुसरं काय! त्याने कापड ओढलं आणि धडाम्, धडाम्, दोन टोले हाणले. बँडवाले तरी काय, एकाच घाण्याचे बैल. टोला पडला की यांचे ओठ बासरीला. धून सुरू झाली. शिपायांच्या वाकलेल्या माना वर आल्या, विस्कटलेली पावलं एका ठेक्यात पडू लागली.

"हात झडोत तुझे, मेल्या!" मी किंचाळले. एरवी नवऱ्याला मी अहोजाहोच करते.

पण लेटिस माझ्या आधी धावली. ढोलाला पोट टेकेल इतकी जवळ जाऊन हात उगारून उभी राहिली. एनोकला तेव्हा कुठे भान आलं. चेहरा पांढराफटक आणि टिपरू हवेतच. बँडही अडखळत थांबला.

लेटिसचा उगारलेला हात खाली आला आणि पोटावर टेकला. ती श्वास रोखून उभी होती. "ताई," ती कुजबुजली. तिने माझा हात खेचून पोटावर दाबला. काही नाही. आणि मग आतून सणसणीत एक लाथ बसली.

अंगावर सर्रकन काटा आला. बंदुकांना न जागलेलं लेकरू पलटणीच्या ढोलाला जागं झालं होतं! इतकी वर्षं चर्चमध्ये गुडघे झिजवले, पण देव असा हाताला कधी लागला नव्हता.

सायलस गेल्यापासून लेटिस पहिल्यांदाच हमसून हमसून रडली. पलटण खोळंबलेली, मागच्यांना काही कळेना. एनोक गुन्हेगारासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बघताय काय?" मी रडतरडतच ओरडले. "वाजवा की! पोर वाट बघतंय!"