सांगायचं काम

"हात सैल सोडा, भिकाबाई. मूठ आवळू नका," म्हणत ज्योतीनं पट्टा फुगवला. उपकेंद्राच्या व्हरांड्यातली ती शेवटचीच बाई होती. बीपी एकशे तीस भरलं.

"गोळी रोज घेता ना?"

"घेते. सकाळच्या पहिल्या चहासंगं. चुकत न्हाई." म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुमीच लई सुकून गेल्या, सिस्टर. तुमचं कोन मोजतं?"

पुसेगावच्या पुढच्या या उपकेंद्रात ज्योती अकरा वर्षं आरोग्यसेविका होती. असं कुणी तिला विचारलं नव्हतं. म्हातारीचा मान राखावा म्हणून तिनं पट्टा आपल्या दंडाला बांधला. एकशे शहात्तर. पुन्हा मोजलं तर त्याहून दोन जास्तच.

तिला दोन वर्षांपासून बीपीची गोळी होती. महिन्यापूर्वी आणलेलं पाकीट पर्समध्येच होतं आणि त्यातल्या तीनच गोळ्या गेल्या होत्या. गावातल्या कुणाची गोळी कोणती, हे तिला तोंडपाठ होतं. आपली ती विसरत होती असंही नाही. रोज सकाळी आठवायची. पण तेवढ्यात लेक ऐश्वर्या विचारायची, आज कोणता ड्रेस घालू. सासूबाई विचारायच्या, डोळ्यात आधी कोणतं औषध टाकायचं. नवरा, प्रेमानंद, विळी घेऊन विचारायचा, काय चिरू. मग घेऊ नंतर, म्हणत ती हिंगोलीहून गाडी धरायची. इथं पोचलं की कोणत्या गरोदर बाईला मोठ्या दवाखान्यात धाडायचं, कोणत्या लेकराची लस पुढं ढकलायची, हे तिनंच ठरवायचं. घरी परतल्यावर पाच मिनिटं बुद्धवंदनेला बसायची लहानपणापासूनची सवयसुद्धा दिवाळीच्या सुमारास कधीतरी सुटून गेली होती.

तिची आई बावन्नाव्या वर्षी लकव्यानं अंथरुणाला खिळली होती. ज्योतीला चव्वेचाळीस सुरू होतं.

तिनं फोन केला तेव्हा आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ता घ्या आणि घरी जा. उद्या सकाळी मला दाखवा. गोळी बदलायची नाही, सिस्टर, घ्यायची आहे."

ती गाडीची वाट पाहत फाट्यावर बसली असताना प्रेमानंदचा फोन आला. तो मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या काट्यावर मापाडी होता. "निघून राहिलो. भाजी काय आणू?"

ज्योतीनं तोंड उघडलं. एकाही भाजीचं नाव येईना.

"ऐकून राहिली ना? तू फक्त सांग, मी आणतो."

तिनं फोन कापला आणि पदरानं डोळे पुसले.

ती घरी पोचली तेव्हा तो रिकाम्या पिशवीनिशी दारातच उभा होता. "फोन काहून कापला?"

तिनं बीपीचा आकडा सांगितला. तो पायरीवर बसला. "मी काय कमी करून राहिलो, ज्योती? तू सांगते ते सगळं करतो."

ते खरंच होतं. तो भाज्या चिरायचा, भांडी घासायचा. गल्लीतल्या बायका त्याचं नाव काढायच्या.

"करता, व्हय," ती म्हणाली. "माझे हात दुखत न्हाईत. सांगून सांगून दमले मी. स्वतःला काही सांगायची पाळी येते तवर डोकं रिकामं झालेलं असतं."

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं आणि स्वतःच जीभ चावली.

बाजेवरून सासूबाई, चतुराबाई, हसल्या. "बघ, पुन्हा तिलाच इचारलं." मग त्या उठून बसल्या. "उद्यापासून भाजीचं मी सांगीन. डोळ्याला कमी दिसतं म्हणून अक्कल न्हाई गेली माझी. औषधाचं ऐश्वर्या वाचून घालंल, तिचे कपडे ती काढंल. चुकलं तर चुकलं."

"आई, तुमाला काहून तकलीफ?"

"तकलीफ?" चतुराबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं हे घर मला इचारून चाललं. तू आली अन् कोनी काही इचारंना झालं. खाऊन बसून ऱ्हायचं, यात काय सुख असतं व्हय?"

चौदा वर्षांत हे ज्योतीच्या मनातही आलं नव्हतं. उलट त्यांना विश्रांती देतोय अशाच समजुतीत ती होती.

पहिल्या आठवड्यात बरंच बिघडलं. वरण दोनदा खारट झालं. गॅस संपला आणि दुसरा कुणी सांगूनच ठेवला नव्हता. ज्योतीच्या जिभेवर आलं होतं. पण तिनं सांगितलं नाही. प्रेमानंद शेजारून टाकी घेऊन आला आणि त्या दिवसापासून ते त्याच्याच डोक्यात राहिलं. ज्योती सकाळी नुसता चहा घेऊन बसायची आणि चहाआधी गोळी. आठवण ठेवावी लागलीच नाही. त्या वेळी तिला दुसरं काही कामच नव्हतं. संध्याकाळी हातपाय धुऊन ती वंदनेला बसू लागली तेही तिच्या चार दिवसांनी लक्षात आलं.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "आता बराबर आहे."

त्या दुपारी उपकेंद्रात तिनं डबा उघडला. आत वांग्याची रसरशीत भाजी होती. ज्योतीला वांगं मुळीच आवडत नसे आणि लग्न होऊन आल्यापासून तिनं ते घरात येऊ दिलं नव्हतं. चतुराबाईंना ते किती आवडत असावं, हे फोडणीवरूनच कळत होतं. डबा उघडेपर्यंत आज काय जेवायचंय, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिनं भाकरी मोडली आणि सावकाश, शेवटच्या फोडीपर्यंत जेवली.