जिन्याखालचा खंदक

“तू आत सरक, पोरी. दाराशी मी बसतो,” असं म्हणत मनोहररावांनी जिन्याखालच्या क्लोजेटचं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून बसले.

सुनेत्राने चार वर्षांच्या रुचाला कवटाळलं. फ्रिस्को शहरभर वादळाचा भोंगा चालला होता. टोर्नेडो जवळच जमिनीला टेकलाय, एवढं टीव्हीवर ऐकू आलं आणि वीज गेली. तिचा नवरा अवधूत ऑफिसात अडकलेला.

सोमवारपासून सुनेत्राची नोकरी सुरू होणार होती. रुचाला डे-केअरऐवजी आजोबांपाशी ठेवू, असं अवधूत म्हणत होता. तिचा जीव होत नव्हता. सासरे मायाळू होते, पण साताऱ्याहून येऊन जेमतेम महिना झालेला. अचानक काही झालं तर या परक्या देशात ते काय करतील?

“आय वॉन्ट टू गो आउट!” रुचा हमसून रडू लागली. सुनेत्राच्या मांडीला ओल लागली. भीतीने पोरीचे मोजेसुद्धा भिजले होते.

मनोहररावांनी ते काढले, पिळले आणि शर्टाची बटणं सोडून पोटाशी धरले.

“बाबा, अहो, शूचे आहेत ते!”

“असूंदे. खंदकात ह्याच्यापरीस वंगाळ वाळवलंय. एकाहत्तरच्या लढाईत, कारगिलकडं. मी आन् माजा जोडीदार बाळ, दोघंच. च्या बर्फाचा, वास रॉकेलचा. आन् उवा! आमी गारठून मरायचो, त्या मातुर मजेत.”

रुचाने हुंदका गिळला. “आजोबा, व्हेअर डिड यू गो पॉटी?”

“डब्यात. डबा भाईर टाकायची पाळी आसायची. बाळ रोज म्हनायचा, आज तुजी!”

रुचा खुदकन हसली. छतावर गारा बदडू लागल्या. दार बाहेर ओढलं जाऊ लागलं. मनोहररावांनी वळून दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली. आवाज मात्र तसाच.

“सुनेत्रा, तिला जरा सैल धर. आवळून धरलं की पोराला वाटतं, लई मोठं संकट हाय.”

तिने हात सैल केले. रुचा तिच्या कुशीतून उठली आणि आजोबांच्या गुडघ्याला टेकून बसली.

“मग सांजच्याला पाय तपासायचे. मी त्याचे, त्यो माजे. आपला पाय बधिर झाला तर आपल्याला कळत न्हाई. दुसऱ्यानंच बघाय लागतं.”

वादळ उत्तरेला सरकलं. ते बाहेर आले तेव्हा मागचं कुंपण आडवं झालं होतं आणि स्वयंपाकघरात काचा पसरल्या होत्या. सुनेत्राने रुचाचे कपडे बदलले, काचा गोळा केल्या. तेवढ्यात अवधूतचा फोन लागला.

“सगळे ओके ना? आलोच मी. आणि अगं, डे-केअरवाल्यांना आजच कळवायचंय. जागा ठेवायची का?”

सुनेत्राने हॉलमध्ये पाहिलं. “माझे झाले. आता तुमचे पाय,” म्हणत रुचा आजोबांच्या मोज्याला झोंबत होती. ते सोफ्यावर अवघडून बसले होते. सुनेपुढे त्यांनी कधी मोजे काढले नव्हते. मग त्यांनी हळूच एक काढला.

“वन, टू, थ्री.” रुचा थांबली. “बाकीची बोटं?”

“ऱ्हायली डोंगरावर. बाळपाशी.”

“सुनेत्रा? काय सांगू त्यांना?”

“कॅन्सल कर,” ती म्हणाली.

रुचाने तो पाय मांडीवर घेऊन खालून-वरून नीट तपासला, मान डोलावली आणि हात पुढे केला. मनोहररावांनी पाठ ताठ केली आणि दुसरा पाय तिच्यापुढे धरला.