अब्बांच्या सहा खणांची उलथापालथ

मी एक जुनं, सहा खणांचं लाकडी कपाट आहे. मित्रांनो, माझ्या पोटात कपडे नाहीत, कार्डं आहेत; इस्लामच्या इतिहासाची. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या अब्बांनी ती वीस वर्षं लिहिली. त्यांच्या लेकीने एका दुपारी, मदत म्हणून, सगळी उपसून सालवारीने लावली.

तो त्यांचा शेवटचा धडधाकट दिवस. शाळेतून आल्या आल्या त्यांनी माझा खण ओढला.

"अगं, मांडलेला डाव मोडलास की!"

"अब्बा, इतिहास असाच लावतात. आधी खलिफा, मग सुलतान, शेवटी सुधारक."

"सुधारक काय शेवटच्या गाडीने आले? प्रश्न जुनेच आहेत, बाई."

"वीस वर्षं नुसती कार्डंच लावताय. पुस्तक केव्हा?"

ते हसले. "उद्या नीट लावू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. लेक खण उघडते, कार्ड काढते, दुसरीकडे खुपसते, पुन्हा उपसते. अब्बांचं राहिलेलं पुस्तक आता तीच पुरं करतेय; प्रकाशकाला महिनाअखेर हस्तलिखित हवंय. अब्बांचे धाकटे भाऊ, म्हणजे तिचे चाचा, येऊन सांगून गेले, "शेवटचा खण वगळ. जुनं वैभव छाप. सुधारणांची नसती उठाठेव कशाला? लोक खायला उठतील."

थकून तिने ऐकलं. शेवटचा खण रिकामा करत कार्डांचा गठ्ठा पालथा ठेवला, आणि थबकली. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने एक प्रश्न होता. तिने तोवर फक्त पुढची सालं पाहिली होती.

तिने बाकीचे खणही उलटे केले. 'जुना निवाडा पुन्हा तपासता येतो का?' हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच्या धर्मशास्त्रज्ञाच्या कार्डामागे होता, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या सुधारकाच्याही. 'बायकांनी शिकवावं का?' यात पुरुषांना पैगंबरांची वचनं शिकवणाऱ्या मध्ययुगीन विदुषी होत्या, आणि मुलींच्या शाळांसाठी भांडणारेही. मुळाकडे चला म्हणणारे आणि काळाबरोबर चला म्हणणारे एकाच प्रश्नावर हमरीतुमरीला आलेले. तिने सालं सोडून एकेका प्रश्नाची कार्डं एकत्र लावायला घेतली; आठ दिवस माझे खण खडखडत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्ही पुसता, हे चांगलंच. पण घरातल्या माणसाचं काम कधी उघडूनही बघत जा.

चाचा पुन्हा आले. "काढलास तो खण?"

"कुठला काढू, चाचा? आता सहाही खणांत सुधारक आहेत."

"अगदी बापावर गेलीस!" म्हणत ते तणतणत निघून गेले.

दार लागलं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "अब्बा, वीस वर्षांत मी तुमचं एकही कार्ड उलटून पाहिलं नाही. चुकले मी."